भिंगाची कड

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन-चार वर्षं गेली की काही जण पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे येतात. तक्रार ठरलेली असते : "मोतीबिंदू परत आला." पेपर धुरकट दिसतो, समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फाकतो, सुईत दोरा जात नाही. खरं तर मोतीबिंदू परत येऊच शकत नाही, कारण ज्याला तो झाला होता ते नैसर्गिक भिंगच काढून टाकलेलं असतं. आलेली असते ती जाळी. ऑपरेशनमध्ये गढूळ भिंग काढतात, पण ते ज्या पातळ, पारदर्शक पिशवीत असतं ती डोळ्यात तशीच ठेवतात आणि तिच्यात कृत्रिम भिंग बसवतात. पिशवीच्या कोपऱ्यात राहून गेलेल्या पेशी हळूहळू वाढतात, सरकत सरकत कृत्रिम भिंगाच्या पाठीमागे पोचतात आणि पिशवीची मागची बाजू गढूळ करून टाकतात. डॉक्टर या जाळीला 'पीसीओ' म्हणतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उशिरा होणाऱ्या त्रासांत ही जाळी सर्वांत जास्त वेळा आढळते.

यात रुग्णाची चूक नसते, बहुतेक वेळा डॉक्टरचीही नसते. मग भिंगाची घडणच अशी करता येईल का, की जाळी धरूच नये? दाह, रक्तस्राव, डोळ्यातला दाब वाढणं, भिंग घसरणं, दिव्यांभोवती वलयं दिसणं हे बाकीचे त्रासही घडणीतूनच कमी करता येतील का? गेली पंचाहत्तर वर्षं डॉक्टर, रसायनतज्ज्ञ आणि कारखानदार या प्रश्नामागे लागले आहेत. त्यांच्या कामाकडे एकत्र पाहिलं तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. भिंगाचा मध्य प्रकाशासाठी असतो आणि त्याचं गणित तुलनेनं लवकर सुटलं. कडेला मात्र जिवंत शरीराशी संसार करावा लागतो. भिंगाच्या इतिहासातली बरीचशी भांडणं आणि सर्वांत मोठा समेट, दोन्ही त्या कडेवरच झाले.

विमानाच्या काचेपासून सुरुवात

मोतीबिंदूवरचा उपाय आपल्याकडे फार जुना. सुश्रुतसंहितेत शलाकेनं गढूळ भाग दृष्टीच्या वाटेतून बाजूला करण्याची कृती सांगितली आहे. भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत फ्रान्समध्ये जॅक दाव्हिएलनं अठराव्या शतकाच्या मध्याला रूढ केली. भिंग गेलं की प्रकाश एकवटण्याची डोळ्याची ताकदही मोठ्या प्रमाणात जाते. म्हणून ऑपरेशननंतर साधारण अधिक दहा नंबरचा चष्मा लागायचा. सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या काचा लावलेले आजी-आजोबा अनेकांनी पाहिले असतील. त्या चष्म्यातून वस्तू सुमारे पाव पटीनं मोठ्या दिसायच्या, कडेचं जग वाकायचं आणि पायरीचा अंदाज चुकायचा. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर दोन डोळ्यांची चित्रं जुळायचीच नाहीत.

'काढलंत ते ठीक, पण त्या जागी दुसरं का नाही बसवत?' हा प्रश्न लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये एका विद्यार्थ्यानं हॅरल्ड रिडली यांना विचारला होता, अशी हकीकत सांगितली जाते. रिडली यांच्यापाशी उत्तराचा अर्धा भाग आधीच होता. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या फुटलेल्या छताचे पर्स्पेक्सचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले त्यांनी पाहिले होते. ते तुकडे डोळ्यात वर्षानुवर्षं शांतपणे पडून राहत, फारसा दाह होत नसे. या प्लास्टिकचं रासायनिक नाव आद्याक्षरांनी 'पीएमएमए'. त्याचंच शुद्ध रूप वापरून रेनर या चष्म्याच्या भिंगांच्या कंपनीनं भिंग घडवलं, आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी रिडली यांनी ते एका पंचेचाळीस वर्षांच्या बाईच्या डोळ्यात बसवलं.

भिंग डोळ्याला सोसलं, पण हिशेब चुकला. नैसर्गिक भिंगाचा आकार जवळजवळ जसाच्या तसा उतरवला होता. पीएमएमए मात्र नैसर्गिक भिंगापेक्षा प्रकाश जास्त वाकवतं. त्यामुळे त्या बाईंना प्रचंड मोठा वजा नंबर आला. भिंग जाड आणि जड होतं, आजच्या भिंगाच्या कित्येक पट, आणि त्याला आधार देणारे पाय नव्हते. त्यामुळे काही भिंगं घसरून डोळ्याच्या मागच्या पोकळीत गेली. दाह आणि काचबिंदूही झाले. रिडली यांच्या भिंगांपैकी साधारण पंधरा टक्के पुढे काढावी लागली. सहकाऱ्यांनी त्यांच्यावर झोड उठवली, कारण डोळ्यातला परका पदार्थ काढायचा असतो, घालायचा नसतो, अशी तेव्हाची शिकवण होती. पुढे काळानं माप बदललं. १९८६ मध्ये रिडली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, २००० मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला, आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही कृत्रिम भिंग बसलं.

जागा चुकली की कड बोचते

रिडली यांनी भिंग नैसर्गिक भिंगाच्याच जागी, म्हणजे बाहुलीच्या मागे ठेवलं होतं. ते घसरतं म्हणून पुढच्या पिढीनं जागा बदलली. १९५०च्या दशकात युरोपातल्या डॉक्टरांनी भिंग बाहुलीच्या पुढे, बुबुळाचा रंगीत पडदा आणि समोरची पारदर्शक काच यांच्या मधल्या फटीत बसवायला सुरुवात केली. बसवायला सोपं, डोळ्यांना दिसेल असं. पण त्या अरुंद फटीत भिंगाचे पाय कोपऱ्यावर रेटत आणि समोरच्या काचेच्या आतल्या नाजूक थराची झीज होई. त्या थराच्या पेशी माणसाच्या डोळ्यात नव्यानं वाढत नाहीत. पुरेशा मेल्या की काच सुजते आणि पांढरी पडते. बसवलेली भिंगं काही वर्षांनी मोठ्या संख्येनं काढून घ्यायची वेळ आली.

मग हॉलंडच्या बिंकहॉर्स्ट यांनी भिंग रंगीत पडद्यालाच चिमटीसारखं अडकवलं, रशियात फ्योदोरोव्ह यांनी तशाच कल्पनेची स्वतःची भिंगं केली. हा पडदा उजेडात आकसतो, अंधारात पसरतो. दिवसभर हलणाऱ्या या अवयवावर भिंगाचे पाय घासले जात. त्या काळच्या अनेक भिंगांच्या कडा नीट घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या नसत. अशा खरबरीत कडेनं रंगकण सुटत, बारीक रक्तस्राव होई, दाह होई आणि दाब वाढे. १९७८ मध्ये दाह, दाब आणि रक्तस्राव या तिन्ही त्रासांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जोडून 'यूजीएच' असं नाव रूढ झालं. पुढच्या बाजूला बसवायच्या, बंद वेटोळ्याचे पाय असलेल्या काही भिंगांनी १९८०च्या दशकात इतका उपद्रव दिला, की अमेरिकेत ती बाजारातून काढावी लागली.

या पंचवीस-तीस वर्षांतून शिकलेली गोष्ट साधी होती. भिंगाला सर्वांत निवांत जागा त्या पिशवीतच मिळते. ती हलणाऱ्या पडद्याला लागत नाही, समोरच्या काचेपासून दूर असते. फिरून रिडली यांच्याच जागेवर येणं झालं, पण आता साधनं वेगळी होती. १९७७ मध्ये स्टीव्हन शिअरिंग यांनी इंग्रजी 'जे'सारखे लवचिक पाय असलेलं भिंग आणलं. ते मागच्या जागेत आपला आधार स्वतः शोधू लागलं. १९८०च्या सुमारास दाट, जेलीसारखं द्रव्य मिळू लागलं. ते आत भरून ठेवलं की ऑपरेशन चालू असताना डोळ्यातली जागा टिकते आणि काचेच्या आतल्या पेशी वाचतात. १९८०च्या दशकाच्या मध्यात गिंबेल आणि नॉयहान यांनी पिशवीच्या पुढच्या बाजूला नेमका गोल, न फाटणारा काप घेण्याची पद्धत रूढ केली. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली 'फेको', म्हणजे ध्वनिलहरींनी गढूळ भिंग फोडून शोषून घेण्याची पद्धत, आणि १९८४च्या सुमारास आलेली घडी होणारी भिंगं यांनी काप दहा-बारा मिलिमीटरवरून तीन मिलिमीटरच्या आत आणला.

भिंगाला घर मिळालं. आता भांडण घरातल्या घरात सुरू झालं.

पिशवीतले भाडेकरू

नैसर्गिक भिंगाच्या पिशवीला आतून पेशींचा एकेरी थर असतो. ऑपरेशनमध्ये गर निघतो, पिशवी पुसतातही, पण परिघाच्या वळणात, जिथे हत्यार सहज पोचत नाही, तिथल्या सगळ्या पेशी निघत नाहीत. जखम झाली की भरून काढायची, हा त्यांचा स्वभाव. त्या दोन प्रकारे त्रास देतात. परिघाच्या पेशी मागच्या बाजूनं सरकत येतात, फुगतात आणि साबुदाण्याच्या दाण्यांसारखे मोत्यांचे झुबके तयार करतात. ऑस्ट्रियाच्या एल्शनिग यांच्या नावानं ते ओळखले जातात. पुढच्या बाजूच्या पेशी धाग्यांसारख्या बनून पिशवीला सुरकुत्या पाडतात, कधी पिशवीचं तोंडच आवळून टाकतात.

१९८०च्या दशकात काही वर्षांच्या आत निम्म्यापर्यंत डोळ्यांना ही जाळी येत असे. त्याच सुमारास फ्रान्समध्ये आरों-रोझा आणि स्वित्झर्लंडमध्ये फांकहाउझर यांनी 'याग' लेसरनं जाळी फोडण्याचा उपाय दिला. काही मिनिटांत, भूल न देता, डोळा न उघडता पिशवीच्या मधोमध खिडकी पाडता येते. मोठीच सोय झाली. पण उपाय फुकटचा नाही. लेसरनंतर दाब वाढू शकतो, दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येऊ शकते, क्वचित दृष्टिपटल सुटू शकतं, नेम चुकला तर भिंगावर खड्डे पडतात. शिवाय यंत्र हवं, ते चालवणारा डॉक्टर हवा, आणि रुग्णानं परत यायला हवं. शिबिरात ऑपरेशन करून गावी गेलेली बाई चार वर्षांनी दिसेनासं झाल्यावर 'वयच झालं आता' म्हणून ओसरीवर बसून राहिली, तर लेसर असून काय उपयोग? म्हणून जाळी आल्यावर फोडण्यापेक्षा ती येऊच न देणारं भिंग ही चैन नाही.

काटकोनाचा शोध

अमेरिकेच्या केनेथ हॉफर यांनी १९७९ मध्येच एक कल्पना मांडली होती : भिंगाच्या मागच्या परिघावर बारीक कंगोरा ठेवला तर तो पिशवीत रुतेल आणि सरकत्या पेशींना बांध घालेल. कल्पना योग्य होती, पण ती सिद्ध व्हायला पंधरा-वीस वर्षं लागली, आणि तीही वेगळ्याच वाटेनं.

१९९०च्या दशकात पाणी न शोषणाऱ्या ॲक्रिलिकचं, घडी होणारं 'ॲक्रिसॉफ' भिंग बाजारात आलं. ते बसवलेल्या डोळ्यांना जाळी कमी येते, हे लवकरच दिसू लागलं. लंडनला, योगायोगानं रिडली यांच्याच सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये, तीन पदार्थांच्या भिंगांची तुलना झाली. तीन वर्षांनंतर पिशवीच्या मागच्या बाजूचा जाळीनं व्यापलेला भाग पीएमएमएच्या भिंगामागे सरासरी ५६ टक्के होता, सिलिकॉनच्या मागे ४० टक्के आणि या ॲक्रिलिकच्या मागे अवघा १० टक्के. लेसरची गरज अनुक्रमे २६, १४ आणि शून्य टक्के डोळ्यांना लागली.

श्रेय पदार्थाला गेलं. ॲक्रिलिक चिकट असतं, ते पिशवीला घट्ट धरून ठेवतं, मधे पेशींना जागाच उरत नाही, असा तर्क होता. तो पूर्ण चुकीचा नव्हता. पण त्या भिंगात आणखी एक वेगळेपण होतं, आणि ते कुणी जाळीसाठी मुद्दाम घडवलेलं नव्हतं. त्याची कड जुन्या भिंगांसारखी घासून गोल केलेली नव्हती, काटकोनी होती. जपानमध्ये ओकिहिरो निशी यांनी सशांच्या डोळ्यांवर प्रयोग करून हा गुंता सोडवला. त्याच ॲक्रिलिकच्या भिंगाची कड गोल केली तर फायदा बराचसा नाहीसा होई. उलट दुसऱ्या पदार्थाच्या भिंगाला काटकोनी कड दिली तर पेशी अडत. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत पिशवी आकसते, भिंगाला गुंडाळली जाते आणि काटकोनापाशी तिला तीव्र मोड येतो. सरकत आलेल्या पेशी त्या मोडापाशी थबकतात. गोल कडेवर मात्र त्या घसरगुंडीवरून उतरल्यासारख्या मागे जातात.

अमेरिकेच्या डेव्हिड ॲपल यांच्या प्रयोगशाळेनं मृत्यूनंतर दान झालेले हजारो डोळे मागून उघडून पाहिले. ही पाहण्याची रीत जपानच्या मियाके यांची. त्या डोळ्यांतही काटकोनी कडेचा पुरावा दिसला. पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन आढाव्यानंही हाच निष्कर्ष दिला : काटकोनी कडेच्या भिंगांमागे जाळी स्पष्टपणे कमी येते, पदार्थापदार्थांतला फरक मात्र तितका ठाम दिसत नाही. पाणी शोषणाऱ्या भिंगांचा निकाल तेवढा उणा होता.

ज्या धारदार कडेनं रंगीत पडद्याजवळ रक्त काढलं, तीच पिशवीत बसल्यावर राखणदार ठरली. कड तीच, जागा वेगळी.

राखणदाराची हद्दही समजून घ्यायला हवी. पिशवीच्या पुढच्या गोल कापाची किनार भिंगावर सगळीकडून अर्धा मिलिमीटर तरी चढलेली असेल, तरच पिशवी भिंगाला सारखी गुंडाळली जाते. काप वाकडा किंवा फार मोठा असेल तर चांगली कडही निकामी ठरते. एकाच तुकड्यातून घडवलेल्या भिंगात पाय चकतीला जिथे जुळतात तिथे काटकोन तुटतो आणि पेशी नेमक्या त्या खिंडारातून शिरतात. म्हणून आता पायांच्या मुळाशीही कड अखंड ठेवणारी भिंगं निघाली आहेत. पाणी शोषणारी भिंगं कोरडी असताना कातून मग भिजवतात. भिजून फुगताना त्यांचा काटकोन थोडा बोथट होतो. 'काटकोनी कड' असं पुडक्यावर छापलं म्हणून सगळे काटकोन सारखे नसतात.

कडेची किंमत

पेशींना अडवणारी कड प्रकाशालाही अडवते. बाजूनं येणारा प्रकाश उभ्या, चकचकीत कडेवर आपटून दृष्टिपटलावर विचित्र पडतो. काहींना दिव्यांभोवती कमानी आणि रेघा दिसतात. काहींना नजरेच्या बाहेरच्या कोपऱ्यात काळी चंद्रकोर दिसते. तपासणीत डोळा उत्तम निघतो, रुग्ण मात्र वैतागलेला असतो. बहुतेकांचा मेंदू काही महिन्यांत त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, थोड्यांना भिंग बदलावं लागतं. यावर उपाय म्हणून कड काटकोनी ठेवूनच तिचा उभा भाग दुधी काचेसारखा खरबरीत करणं, किंवा पुढची बाजू गोल आणि फक्त मागची बाजू काटकोनी ठेवणं, असे मधले मार्ग निघाले. मागचा कोपरा पेशींसाठी, पुढचा उतार प्रकाशासाठी.

दुसरा धोका जुनाच आहे. ऑपरेशनमध्ये पिशवी फाटली तर भिंग तिच्या पुढे, रंगीत पडद्याच्या मागच्या खोबणीत ठेवतात. तिथे एका तुकड्याचं, जाड पायांचं, काटकोनी कडेचं ॲक्रिलिक भिंग ठेवलं तर तेच पाय पडद्यावर घासून जुना 'यूजीएच' परत आणतात. अशा वेळी बारीक पायांचं, तीन तुकड्यांचं भिंग लागतं. म्हणून चांगल्या ऑपरेशन थिएटरात दुसऱ्या घडणीचं एक भिंग हाताशी तयार असतं.

पदार्थांची परीक्षा

भिंग तीस-चाळीस वर्षं खाऱ्या, उबदार पाण्यात राहणार, म्हणून पदार्थाची परीक्षा कारखान्यात संपत नाही. पाणी न शोषणाऱ्या काही ॲक्रिलिक भिंगांत काळानं पाण्याचे सूक्ष्म बुडबुडे साठतात आणि तपासणीच्या दिव्यात ते चांदण्यासारखे चमकतात. बहुतेकांच्या नजरेवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, तरी नव्या भिंगांत पाण्याचं प्रमाण आधीच थोडं वाढवून हा दोष घटवला आहे. पाणी शोषणाऱ्या भिंगांचा प्रश्न जास्त गंभीर ठरला. शतकाच्या वळणावर अशी काही भिंगं डोळ्यात आतूनच पांढरी पडली. त्यांवर कॅल्शियमचे क्षार बसले होते, आणि ते लेसरनं निघत नाहीत. एका भिंगाच्या बाबतीत तर शोध भिंगाऐवजी त्याच्या डबीपाशी थांबला : डबीच्या झाकणातल्या सिलिकॉनच्या चकतीतून सुटलेलं द्रव्य भिंगावर बसत होतं आणि त्यावर क्षार धरत होते. भिंगाची घडण म्हणताना त्याची डबीही मोजावी लागते, हे तेव्हा कळलं.

सिलिकॉनची भिंगं मऊ आणि सोयीची. पण दृष्टिपटलाच्या ऑपरेशनमध्ये वापरलेलं सिलिकॉन तेल त्यांना चिकटून बसतं. म्हणून मधुमेही किंवा दृष्टिपटलाचा धोका असलेल्या डोळ्यात ती टाळतात. पॉलिप्रॉपिलीनच्या पायांना जिवाणू जास्त चिकटतात, असंही आढळलं होतं. जंतुसंसर्ग हा या ऑपरेशनचा सर्वांत भीषण त्रास आहे. त्यावर भिंगाच्या घडणीपेक्षा जास्त काम केलं ते ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या आत प्रतिजैविक सोडण्याच्या पद्धतीनं. २००७ मध्ये युरोपातल्या सोळा हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत ते न दिलेल्यांना संसर्गाचा धोका सुमारे पाच पट आढळला. मदुराईच्या अरविंद संस्थेच्या लाखो ऑपरेशनांच्या नोंदींत मॉक्सिफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकामुळे हे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आलं.

चुकलेला नंबर, फुटलेला प्रकाश

रिडली यांच्या पहिल्या रुग्णाचा नंबर चुकला, तो त्रास आजही पूर्ण संपलेला नाही. डोळ्याची लांबी मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच-तीननं हुकतो. १९८०च्या 'एसआरके' सूत्रापासून लांबी आणि काचेची वक्रता यांवरून भिंगाची शक्ती काढायची रीत बसली. शतकाच्या अखेरीस प्रकाशानं लांबी मोजणारी यंत्रं आली आणि अचूकता वाढली. बसवल्यावर अतिनील प्रकाशानं शक्ती थोडी बदलता येईल असं भिंगही २०१७ पासून अमेरिकेत मान्य आहे. दूरचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी बहुकेंद्री भिंगं येणारा प्रकाश वाटून घेतात. वाटून घेतलेल्या उजेडात वाचायला चष्मा लागत नाही, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. रात्रीचा ट्रक चालवणाऱ्या माणसाला हा सौदा परवडणारा नाही. आणि जाळी आली तर अशा भिंगांच्या नजरेवर ती लवकर जाणवते. म्हणजे मध्य कितीही हुशार केला तरी त्याचं भवितव्य कडेच्या हातात असतं.

लहान मुलांचे डोळे

लहान मुलांपुढे मात्र काटकोनी कड हरते. त्यांच्या पेशी इतक्या जोमानं वाढतात, की पिशवीची मागची बाजू अखंड ठेवली तर जाळी जवळजवळ येतेच. म्हणून त्यांच्या ऑपरेशनमध्येच मागच्या बाजूला खिडकी पाडतात आणि तिच्यामागचा थोडा द्रवही काढतात. तान्ह्या बाळांचा प्रश्न त्याहून अवघड. अमेरिकेत एका डोळ्याला मोतीबिंदू असलेल्या ११४ तान्ह्या बाळांच्या चाचणीत काहींना भिंग बसवलं आणि काहींना कॉन्टॅक्ट लेन्स दिली. पाच वर्षांनी दोन्ही गटांची नजर सारखीच होती, पण भिंग बसवलेल्यांना जास्त वेळा पुन्हा ऑपरेशन लागलं. कधी कधी उत्तम घडण म्हणजे आत्ता भिंग न बसवणं, हा निष्कर्षही या क्षेत्रानं मोकळेपणानं स्वीकारला.

पुढच्या वाटा

बेल्जियमच्या मारी-जोझे तासिन्यों यांनी प्रश्नच उलटा केला. भिंग पिशवीत ठेवण्याऐवजी त्यांनी भिंगाच्या परिघाला खाच ठेवली आणि पिशवीच्या पुढच्या व मागच्या कापांच्या किनारी तिच्यात अडकवल्या. पेशी दोन पापुद्र्यांच्या मधे कोंडल्या जातात आणि नजरेच्या वाटेवर पिशवीच उरत नाही. निकाल उत्तम आहेत, पण मागची बाजूही मुद्दाम नेमकी कापावी लागते, त्यामुळे हे काम सर्वांच्या हाताला बसलं नाही. दुसरी वाट पिशवी आकसू न देता पसरून ठेवण्याची. आतून डोळ्याचं पाणी खेळत राहिलं तर पेशी शांत राहतात, असं दिसतं. तिसरी वाट भिंगावर औषधाचा थर देण्याची. अडचण अशी, की पेशी मारणारं औषध तिथून काही मिलिमीटरवरच्या काचेला आणि दृष्टिपटलाला इजा करू शकतं, आणि सगळ्या पेशी मेल्या तर पिशवी भिंगाला चिकटत नाही आणि ते घसरण्याची भीती राहते. थोड्या पेशी लागतातच, जास्त नकोत.

जवळ-दूर पाहताना नैसर्गिक भिंगासारखं लवचिकपणे बदलणारं भिंग हे या क्षेत्राचं जुनं स्वप्न. ते अडलं आहे तेही इथेच. पिशवी काही महिन्यांत कडक होते आणि आतलं हलतं भिंग बांधून टाकते. पेशींचा प्रश्न सुटेपर्यंत हे स्वप्न अर्ध्यावरच राहणार.

महाग मध्य, स्वस्त कड

भारतात हा सगळा प्रश्न वेगळ्या वजनानं येतो. २०१५ ते २०१९ दरम्यानच्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे आढळलं. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत, त्यात महाराष्ट्रही होता, मोतीबिंदूचा प्रकल्प चालला आणि जाड चष्म्याच्या ऑपरेशनाकडून भिंगाच्या ऑपरेशनाकडे वळण आलं. १९९२ मध्ये मदुराईला ऑरोलॅब ही भिंगं बनवणारी संस्था सुरू झाली आणि शंभर डॉलरच्या घरातलं भिंग दहा डॉलरच्या आत देऊ लागली. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात चारशे रुग्णांवर झालेल्या चाचणीत फेको आणि बिनटाक्याचं लहान कापाचं ऑपरेशन यांची तुलना झाली. चष्मा न लावता दिसण्यात फेको थोडं पुढे होतं, पण योग्य चष्मा दिल्यावर सहा आठवड्यांची नजर जवळपास सारखी निघाली. म्हणजे महागडं यंत्र नसलेल्या तालुक्यातही चांगलं काम होऊ शकतं.

तिथे बसतं ते बहुधा घडी न होणारं, साधं पीएमएमएचं भिंग, आणि त्याची कड परंपरेनं गोल. इथे अरविंद संस्थेची एक चाचणी मोलाची आहे. त्यांनी एकाच माणसाच्या एका डोळ्यात काटकोनी आणि दुसऱ्यात गोल कडेचं पीएमएमए भिंग बसवलं. नऊ वर्षांनीही काटकोनी कडेच्या डोळ्यात जाळी स्पष्टपणे कमी होती. पदार्थ तोच, ऑपरेशन तेच, माणूसही तोच. फरक फक्त कोपऱ्याचा.

आपल्याकडे भिंगाची निवड 'साधं की इंपोर्टेड', 'घडीचं की बिनघडीचं', 'एक नंबरचं की सगळ्या नंबरचं' अशा पॅकेजांत होते. ही सगळी चर्चा मध्याची आहे. इतक्या वर्षांच्या पुराव्यात जाळी कमी करणारा सर्वांत भक्कम उपाय ठरलेली कड मात्र दरपत्रकात कुठे दिसत नाही, कारण तिला वेगळी किंमत लावता येत नाही. सरकारी खरेदी आणि शिबिरांची भिंगं यांच्या निविदांत 'मागची कड काटकोनी आणि अखंड' ही एक ओळ असायला हवी, आणि जिथे वर्षाला शेकडो ऑपरेशनं होतात तिथून एका दिवसात जाऊन-येऊन गाठता येईल इतक्या अंतरावर याग लेसर असायला हवा. पहिल्या गोष्टीनं जाळी कमी येईल, दुसरीनं उरलेली निघेल.

घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर भिंगाच्या डबीवरचा स्टिकर लावलेलं कार्ड जपून ठेवा. कोणतं भिंग, किती शक्तीचं, हे पुढच्या डॉक्टरला त्यावरून कळतं. आणि काही वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं तर वयावर ढकलू नका, मोतीबिंदू परत आला म्हणूनही घाबरू नका. डोळे दाखवून घ्या. जाळी असेल तर ती काही मिनिटांत निघते.